अंगणातला कीबोर्ड

मी मूळची शिरड शहापूरची. आमच्या घरात बोलायला कुणी लाजत नाही आणि रागवायला तर मुळीच नाही. त्यामुळं नोकरीत जिथं जिथं गेले, तिथं माझ्या आधी माझ्या तोंडाची ख्याती पोचलेली असायची. कुरुंद्याकडच्या त्या हायस्कूलमध्ये रुजू झाले तेव्हा हेडसरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बाई, तुमी लई चिडता म्हणं?" मी म्हटलं, "कारण असलं तर." ते हसले. त्यांना तेव्हा काय ठाऊक, की सगळ्यात मोठं कारण त्यांच्याच कमरेला लटकणार आहे.

ते कारण म्हणजे एक किल्ली.

जिल्हा नुकताच परभणीतून वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्याच्या उत्साहात आमच्या शाळेला चार संगणक मिळाले. ट्रॅक्टरमधून आले. पोरं खोक्यांमागं पार वेशीपासून पळत आली. हेडसरांनी नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि खोकी सरळ खेळाच्या सामानाच्या खोलीत नेली. लेझीम, डंबेल्स बाहेर, संगणक आत. खिडक्यांना आरपार दिसणारा प्लास्टिकचा कागद, खाली सतरंजी, प्रत्येक यंत्रावर हेडसरांच्या मंडळींनी शिवलेलं फुलाफुलांचं झाकण, दाराबाहेर चपला काढायची ताकीद. आणि दाराला कुलूप. मुठीएवढं, पितळी. त्याची किल्ली हेडसरांनी धोतराच्या आत करदोड्याला बांधली.

तसा माणूस देवासारखा होता बरं का. घरची हळदीची शेती, स्वभावही तसाच, कुणाच्याही जखमेला कामी येणारा. पण ती चार यंत्रं शाळेच्या दप्तरी त्यांच्या सहीनं चढली होती आणि निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. "बाई, एखादं बटण तुटलं तर माझी पेन्शन अडकंल," असं ते मला इतक्या कळवळ्यानं सांगायचे की क्षणभर मलाच वाईट वाटायचं. मग मी त्या बंद दाराकडं बघायची आणि पुन्हा डोकं तापायचं. असून नसल्यासारखं, दुसरं काय.

माझा जीव त्यात एवढा का अडकला होता, ते सांगते. आम्हा काही शिक्षकांना हिंगोलीला संगणकाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. एका यंत्रापुढं घोळक्यानं बसायचं. शिकवणारा मुलगा माझ्या लेकाच्या वयाचा. माझा हात माऊसवर गेला, बाण कुठल्या कुठं पळाला, तसा तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही नुसतं बघा." आयुष्यात मला बरंच काय काय बोललेत लोक, पण हे वाक्य असं झोंबलं की परतीच्या एसटीत मी कुणाशी बोलले नाही. आमची लेकरं उद्या नांदेडला कॉलेजात जातील, तिथंही कुणीतरी त्यांना हेच म्हणेल. तुम्ही नुसतं बघा. ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

येताना मी एक काम मात्र केलं होतं. कीबोर्डवरची अक्षरं कुठं कुठं असतात ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला उतरवून आणलं होतं. खोलीला कुलूप, आणि कुलूप निघालं तरी वीज नाही. लोडशेडिंगमुळं लाईट यायची ती शाळा सुटल्यावरच. म्हटलं, असू दे. कबड्डीच्या रेषा आखायची चुन्याची फक्की शाळेत होतीच. एका सकाळी अंगणात चिंचेच्या बाजूला मी कीबोर्ड आखला. पाऊल मावेल एवढी एकेक चौकट, तीन ओळी, वरून क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी. पोरींना सांगितलं, टिकरीसारखाच खेळ आहे. मी शब्द सांगीन, लंगडी घालत एकेका अक्षरावर जायचं. रेषेवर पाय पडला की औट, रांगेच्या शेवटी उभं राहायचं.

काय सांगू तुम्हाला. आठवड्याभरात मधल्या सुट्टीत चिंचा पाडायला कुणी उरलं नाही. पोरं शब्द मागायला स्टाफरूमच्या खिडकीत येऊन लोंबकळायची. ज्या पोरांना 'स्कूल'चं स्पेलिंग लिहिताना घाम फुटायचा, ती ते नाचून दाखवायला लागली. मीही पदर खोचून नाचले. गावातल्या बाया पाण्याला जाता जाता थांबून हसायच्या. हसू द्या म्हटलं.

सगळ्यात पटाईत निघाली ती नववीतली एक पोरगी. पलीकडच्या तांड्यावरून चालत यायची, सडपातळ, बोलायला अगदी कमी. पण अंगणात उतरली की बघत राहावं. शब्द ऐकायची, एकदा डोळे मिटायची आणि निघायची. खाली बघायचीच नाही. तिला औट करायला पोरं मुद्दाम लांबलचक शब्द शोधून आणायची. तांड्यावरची सगळी लेकरं मात्र शाळा सुटली की लगेच घोळक्यानं निघायची, अंधाराआधी पोचायचं असायचं. त्यामुळं लाईट आल्यावर मी हेडसरांच्या मागं लागून कधीमधी ती खोली उघडवायची, तेव्हा ही पोरगी शाळेत नसायचीच. तिनं खरा कीबोर्ड कधी बघितलासुद्धा नव्हता.

या सगळ्यावर नाराज असलेला एकच माणूस होता, आमचे गणिताचे सर. उंच, इस्त्रीचे कपडे, खिशात कायम कर्कटक. हाताची घडी घालून ते व्हरांड्यात उभे राहायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, याला काही क्रम? ए च्या शेजारी एस, एस च्या शेजारी डी. कोणत्या शहाण्यानं लावलं हे?"

"मी न्हाई लावलं सर. असंच असतं."

"असंच असतं म्हंजे? लेकराला ए, बी, सी, डी शिकवायची आन् यंत्रावर भलतंच? शिस्त म्हणून काही?"

मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. ते तोंड फिरवून आत गेले. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतंच.

आणि मग भादव्यात ते पत्र आलं. ज्या शाळांमध्ये संगणक वापरात नाहीत, तिथले उचलून तालुक्याच्या मोठ्या शाळेला देणार. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला येणार. हेडसर पत्र हातात धरून बसून राहिले. ज्यांना ओरखडा पडू नये म्हणून इतकं जपलं, तीच यंत्रं जाणार होती. मला म्हणाले, "बाई, आता तुमीच बघा." किल्ली मात्र करदोड्यालाच राहिली.

तेवढ्या दिवसांत जमेल तसं मी काही पोरं तयार केली. लाईट असेल तेव्हा यंत्रावर, नसेल तेव्हा अंगणात. कुणी स्वतःचं नाव टाइप करायचं, कुणी गावाचं. बरं चाललं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शाळेत पाटीपूजन असायचं. त्या दिवशी प्रत्येकजण आपापली हत्यारं पुजतो; शेतकरी नांगर-कुदळ, सुतार रंधा, आम्ही पाट्या-पुस्तकं. मी वर्गात पोरांच्या पाट्यांवर सरस्वती काढून देत होते. तोवर हेडसरांनी संगणकाची खोली उघडली. शाळेवर वेळ आलेली, तेव्हा पूजा साधी करून कसं चालेल? घरच्या हळदीचा डबा आणलेला. पाण्यात छान दाट कालवली आणि चारही कीबोर्डांच्या एकेका बटणाला, अगदी एकालाही न विसरता, ओल्या हळदीचं आणि कुंकवाचं बोट लावलं. वरून अक्षता. वरून तांब्यातलं पाणी शिंपडलं. मी पोचले तेव्हा उदबत्ती लावून हात जोडून उभे होते, डोळे मिटून.

लाईट आल्यावर मी बटण दाबलं. ते आत गेलं ते वर येईचना. पडद्यावर एकच अक्षर ओळीच्या ओळी भरत सुटलं.

मी सगळ्या स्टाफसमोर बोलले. "सर, हळद देवाला लावा, यंत्राला काहून लावली? परवा साहेब येणार. वर्षभर कुणाला हात लावू दिला न्हाई, आन् आज तुमीच सगळ्यांचे हात कापून ठेवले." हेडसर हळदीनं पिवळी झालेली बोटं धोतराला पुसत राहिले. मी पिशवी उचलली आणि दसऱ्याला माहेरी निघून गेले. बोलले त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. बोलायलाच पाहिजे होतं. पण माहेरी सोनं देता-घेताना, आपट्याची पानं हातात, आणि डोळ्यांसमोर ती पिवळी बोटं, असं मात्र झालं खरं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं शाळेत आले तर दारात हेडसर आणि गणिताचे सर दोघं उभे. दोघांच्या तोंडावर लग्नघरातलं हसू. मला काही कळेना. हेडसर म्हणाले, "या बाई. आत बघा."

आत चारही कीबोर्ड लखलखत होते. हळदीचा डाग नाही. लाईटसुद्धा होती, भर सकाळी. हेडसर सांगू लागले. दसऱ्याला संध्याकाळी गावात सोनं वाटायला निघाले ते आधी लाइनमनच्या घरी गेले. त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाले, "बाबा, सोनं घे आन् उद्या सकाळी माझ्या शाळेला लाईट दे." बिचाऱ्यानं दिली. आणि त्याआधी, दिवसभर, सणाचं जेवण टाकून हे दोघं या खोलीत बसले होते. गणिताच्या सरांनी कर्कटकाच्या टोकानं चारही कीबोर्डांची बटणं एकेक करून उचकटली. हेडसरांनी ती घमेल्यात साबणाच्या पाण्यात धुतली, आपल्या धोतरावर पसरून उन्हात वाळवली. पुन्हा बसवली.

खंडेनवमीला मी ज्यांना एवढं बोलले, त्यांनी माझ्यासाठी सण मोडला होता. मी काहीतरी चांगलं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात गणिताचे सर घसा खाकरून म्हणाले, "आन् बाई, ती सगळी उलटीसुलटी बसवलेली होती. ती पण क्रमानं लावून टाकली."

मी वाकून पाहिलं. पहिल्या ओळीत ए, बी, सी, डी, ई, एफ. दुसरी ओळ के पासून. तिसरी टी पासून थेट झेड. चारही कीबोर्डांवर. पाठ्यपुस्तकातल्यासारखं, एकही चूक नाही.

मला हसावं की रडावं ते समजेना. "सर, टोपणं बदलून आतलं अक्षर बदलत न्हाई," एवढं मी म्हणाले. त्या दोघांना ते समजायच्या आत बाहेर जीप थांबली.

साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, घाईत. चपला काढून आत आले, सतरंजीवरून इकडंतिकडं बघितलं, फुलाफुलांच्या झाकणांवरून हात फिरवला. "फारच नवीन दिसतात," म्हणाले. ती काही स्तुती नव्हती. मग स्वतःच खुर्चीवर बसले आणि बटणं शोधून शोधून एका बोटानं 'हिंगोली' टाइप केलं. पडद्यावर उमटलं, आय, ओ, एफ, यू, जी, एस, ओ.

साहेबांनी ते वाचायचा प्रयत्न केला. हेडसर मागून हळूच म्हणाले, "इंग्रजी असंल, साहेब."

साहेब उठले. "यंत्रं बिघडलेली आहेत. वापरली असती तर कळलं असतं. उद्या गाडी पाठवतो." आणि फाईल उघडली.

हेडसरांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला. गणिताचे सर तर भिंतीला टेकले. आणि माझं म्हणाल तर डोक्यात ते एकच वाक्य, तुम्ही नुसतं बघा. मग काय, तोंड सुटलंच.

"साहेब, यंत्र ठणठणीत आहे. वरची टोपणं तेवढी बदललीत. खिडकीत लेकरं उभी आहेत ना, त्यातलं कोणतंही बोलवा. अक्षरं न बघता टाइप करून दाखवंल."

बोलून बसले आणि मग कळलं आपण काय बोललो ते. माझी तयार पोरं बाहेर पुढं उभी होती, केस विंचरून, चकाचक. साहेबांनी त्यांच्यावरून नजर फिरवली, आणि बोट दाखवलं ते अगदी मागं, खांबाआडून डोकावणाऱ्या तांड्यावरच्या त्या पोरीकडं.

शाळेत इतकी लेकरं, आणि नेमकी ती, जिनं यंत्राला कधी हात लावला नव्हता.

ती आली. चपला नव्हत्याच, काढायच्या कशा. खुर्चीवर बसली तर पाय कसेबसे जमिनीला टेकत होते. कीबोर्डकडं बघितलं, मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाली, "बाई, हितं चुकीचं लिवलंय."

"व्हय. तू त्याच्याकडं बघू नको," मी म्हटलं. "आपलं अंगण आठव."

तिनं मान खिडकीकडं वळवली. तिथून चिंचेजवळचा आखलेला चुना दिसत होता. एकदा डोळे मिटले. मग एक बोट उचललं आणि हळूहळू, मधल्या ओळीवर, वरच्या ओळीवर, खालच्या ओळीवर टेकवत गेली. पडद्यावर एच आला. आय आला. एन. माझ्या मागं गणिताचे सर एकेक अक्षर ओठांत म्हणत होते. शेवटचा आय आला आणि 'हिंगोली' जशीच्या तशी समोर उभी राहिली.

साहेब पडद्याकडं बघतच नव्हते. ते टेबलाखाली बघत होते. पोरीचा उजवा पाय वर घेतलेला होता आणि डाव्या पायाची बोटं सतरंजीवर टुकटुक उचलत होती.

"पाय का हलवते गं?" साहेबांनी विचारलं.

"लंगडी घालून राहिले, सर," ती म्हणाली.

मग साहेबांना अंगणात न्यावंच लागलं. मी काही सांगायची गरजच उरली नाही, पोरांनीच सांगितलं, सगळ्यांनी एकदम, एकमेकांचं तोंड दाबून. चुना, टिकरी, लोडशेडिंग, औट, रांग. कुणीतरी हळदीचंही सांगून टाकलं. बटणं क्रमानं लावल्याचं ऐकून साहेब गणिताच्या सरांकडं वळले. सर ताठ उभे राहिले, म्हणाले, "क्रम असलेला बरा असतो, साहेब." साहेब इतके हसले की चष्मा कपाळावरून नाकावर आला. जरा वेळानं सरही हसले. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

हसणं ओसरल्यावर साहेब हेडसरांजवळ गेले. हळूच विचारलं, "सर, शाळेच्या दारापेक्षा मोठं कुलूप या खोलीला का हो?"

हेडसरांनी खरं तेच सांगितलं. "भ्या वाटतं, साहेब. मोडलं तर माझ्या नावावर."

साहेबांनी फाईल मिटून बगलेत धरली. मग म्हणाले, "वापरून मोडलं तर माझ्या नावावर लिहा. संगणक कुठं जात नाहीत. पण आलोच आहे तर काहीतरी घेऊन जातो. ते कुलूप द्या."

हेडसरांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी पाठ फिरवून करदोडा सोडला. गाठ जुनी झालेली, सुटेना. शेवटी गणिताच्या सरांनी कर्कटकाचं टोक घालून सोडवली. कुलूप आणि किल्ली दोन्ही साहेबांच्या हातावर ठेवली, दसऱ्याचं सोनं द्यावं तशी. जीप गेली. गाडीभर संगणक नेतो म्हणालेला माणूस एक पितळी कुलूप घेऊन गेला.

आता निवृत्तीनंतर मला कधी कधी नव्या शिक्षकांच्या शिबिरात बोलवतात. पडद्यावर चित्रं दाखवत कुणी कुणी सांगत असतात, नव्या यंत्रांच्या काळात शिक्षकाचं काम कशानं सुधारतं, कशानं बिघडतं. प्रशिक्षण, सुविधा, वीज. सगळं बराबर आहे. माझी पाळी आली की मी त्या जीपमधल्या कुलपाचं सांगते. कोणीतरी वरच्यानं एकदा म्हणावं लागतं, मोडलं तर माझ्या नावावर. मग मास्तर काय वाटेल ते शिकतो.

त्या दिवशी जीप दिसेनाशी झाली तरी हेडसर अंगणातच उभे होते. हात सारखा कमरेला जायचा आणि काही न लागता परत यायचा. मग त्यांनी चपला काढून चिंचेखाली ठेवल्या. धोतराचा सोगा वर खोचला. तांड्यावरच्या पोरीला म्हणाले, "लेकरा, मला माझ्या गावाचं नाव शिकव. कुठून निघायचं?"

तिनं चौकट दाखवली. हेडसरांनी एक पाय उचलला, दोन्ही हात पसरले आणि उडी मारली. दुसऱ्या उडीला तोल गेला, टाच चुन्यावर टेकली.

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"सर, औट," ती म्हणाली.

आणि हेडसर हसत हसत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.